चौसष्ट घरांची बेरीज



ज्या गणितशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाला साजेल असा विषय निवडण्याचे काम चालकांनी सर्वस्वी माझ्यावर सोपविले, आणि मीही त्या मोकळिकीचा पुरेपूर लाभ घेऊन एका अख्ख्या शास्त्राऐवजी एकच संख्या आपल्यापुढे मांडावयाचे ठरविले आहे. संख्यासिद्धांताची ओळख करून देणारी व्याख्याने पुष्कळ होतात. त्यांत प्रत्येक संख्या क्षणभर रंगमंचावर येते आणि दुसरीला वाट देऊन निघून जाते. एकाच संख्येपाशी तासभर बसून तिची कुळी, तिचे अवयव, तिचे शेजारी आणि तिच्यापायी झालेले वादविवाद यांची विचारपूस करावी, हा प्रकार आपल्याकडे विरळा आहे.

ती संख्या अशी: १८४४६७४४०७३७०९५५१६१५. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास 'लीलावती'त स्थानांची जी नावे सांगितली, ती एकापासून परार्धापर्यंत अठरा आहेत. आपली संख्या वीस अंकी असल्यामुळे ती त्या यादीच्या कुंपणात मावत नाही आणि परार्धांचीच शेकड्यांनी मोजदाद करावी लागते. वाचावयाचीच तर ती एकशे चौऱ्याऐंशी परार्ध, चार मध्य, सहा अंत्य, सात जलधी, चार शंकू, चार महापद्म, सात खर्व, तीन अब्ज, सात अर्बुद, नऊ प्रयुत, पाच लक्ष, पाच अयुत, एक सहस्र सहाशे पंधरा अशी वाचावी लागेल. निखर्वाचे आणि कोटीचे स्थान तेवढे रिकामे आहे. एवढा लांबलचक उच्चार टाळून थोडक्यात सांगावयाचे, तर दोनाचा चौसष्टावा घात घेऊन त्यातून एक वजा केला की ही संख्या मिळते.

आपणांपैकी बहुतेकांची तिच्याशी बालपणीच गाठ पडलेली आहे. बुद्धिबळाचा खेळ शोधून काढणाऱ्या पंडितावर प्रसन्न होऊन राजाने त्याला इनाम मागण्यास सांगितले, तेव्हा त्याने पटाच्या पहिल्या घरासाठी गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यासाठी दोन, तिसऱ्यासाठी चार, अशी घरागणिक दुप्पट करीत जाऊन चौसष्ट घरांचे धान्य मागितले, राजा त्याच्या अल्पसंतुष्टपणाला हसला आणि दरबारच्या कारकुनांनी हिशेब पुरा केल्यावर त्याचे हसू मावळले, ही कथा सर्वश्रुत आहे. कथा हिंदुस्थानातली, परंतु तिचे जुने लिखित पुरावे अरबी ग्रंथांच्या दप्तरात सापडतात. तेराव्या शतकातला चरित्रकार इब्न खल्लिकान याने पंडिताचे नाव सिस्सा बिन दाहिर असे दिले आहे. या इब्न खल्लिकानचा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. बेरीज एवढी मोठी होते यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसेना. शेवटी अलेक्झांड्रियाच्या एका हिशेबनीसाने त्याला कागदावर सारा जमाखर्च मांडून दाखविला. त्या हिशेबनीसाने सोळाव्या घरापर्यंत दाणे मोजले, ते ३२,७६८ भरले. तेथून पुढे दाणे मोजण्याचा खटाटोप सोडून त्याने मापे दुप्पट केली, मापांची कोठारे केली, कोठारांची शहरे केली, आणि एकट्या चौसष्टाव्या घरासाठी त्याला धान्याने भरलेली १६,३८४ शहरे लागली. कोणत्याही फडात शोभून दिसेल अशी ही हिशेबाची रीत आहे.

आपल्या मापांनीही रुजवात पाहू. गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन ४० ग्रॅम धरले, तर साऱ्या पटाचे धान्य ७३ हजार कोटी टनांहून अधिक भरते. आज सबंध पृथ्वीवर वर्षाकाठी सुमारे ८० कोटी टन गहू पिकतो. म्हणजे पृथ्वीवरच्या एकाही माणसाने पोळी न खाता नऊशेहून अधिक वर्षे सारे पीक त्या पंडिताच्या दारात नेऊन ओतले, तेव्हा कोठे राजा ऋणमुक्त होईल.

येथवर कथा पोहोचते आणि थांबते. पाठ्यपुस्तकेही येथेच थांबतात, याबद्दल माझी तक्रार आहे. कारण अमुक संख्या प्रचंड आहे असे म्हणणे म्हणजे तिच्याविषयी जवळजवळ काहीच न म्हणणे होय. तिच्यात एक मिळविला तर त्याहून प्रचंड संख्या तयारच असते. कथेने या संख्येला केवळ एका राजाची फजिती करण्याच्या कामी वापरले, आणि तिच्या अंगी जे खरोखर नवलाचे होते ते पटावर उघड मांडलेले असूनही शतकानुशतके कोणाच्या नजरेस पडले नाही.

त्या नवलाच्या अगदी जवळ जाऊन पोहोचलेला पहिला गणिती म्हणजे अल्-बीरुनी. इ. स. १००० च्या सुमारास लिहिलेल्या कालगणनेवरील ग्रंथात त्याने ही बेरीज काढली आहे, आणि ती काढताना चौसष्ट वेळा दुप्पट करण्याची मजुरी त्याने केलेली नाही. त्याने दोन नियम हेरले. पहिला असा की, कोणत्याही घरातल्या दाण्यांतून एक वजा केला की त्याच्या मागच्या सर्व घरांची बेरीज मिळते. म्हणून चौसष्ट घरांच्या बेरजेसाठी पासष्टावे घर कल्पून त्यातून एक वजा करावा. दुसरा असा की, एखाद्या घरातल्या संख्येचा वर्ग केला की पहिल्या घरापासूनचे त्याचे अंतर दुप्पट होते: पाचव्या घरात १६, त्यांचा वर्ग २५६ हा नवव्या घरात, त्यांचा वर्ग ६५,५३६ हा सतराव्यात, त्यांचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६ हा तेहेतिसाव्यात, आणि त्यांचा वर्ग पासष्टाव्यात. चार गुणाकार आणि एक वजाबाकी, एवढ्यात सारा दरबार आटोपतो.

आता हीच रीत आपल्या छंदःशास्त्रात कितीतरी आधी येऊन गेली होती, हे सांगताना मला अभिमानापेक्षा कुतूहल अधिक वाटते. लघू आणि गुरू अशा दोन प्रकारच्या अक्षरांनी चरण बांधावयाचा, तर प्रत्येक वाढत्या अक्षरासरशी चरणाचे प्रकार दुप्पट होतात. दोन अक्षरांचे चार, तीन अक्षरांचे आठ. पिंगलाने छंदःसूत्राच्या अखेरच्या अध्यायात ही संख्या काढण्याची युक्ती अशी दिली आहे: अक्षरसंख्या सम असेल तर तिचे अर्ध करावे व दोन ही खूण मांडावी, विषम असेल तर एक कमी करून शून्य मांडावे, असे शेवटपर्यंत न्यावे, मग उलट परतताना शून्याच्या जागी दुप्पट करावी व दोनाच्या जागी वर्ग करावा. चौसष्ट अक्षरांना ही रीत लावली तर सहा वेळा अर्ध होते आणि सरतेशेवटी एकदा शून्य येते. परतीच्या वाटेवर एकदा दुप्पट व सहा वर्ग. दोन, चार, सोळा, दोनशे छपन्न. बीरुनीने जे घराघरांवर पाहिले तेच हे टप्पे. इतकेच नव्हे, तर एक अक्षरापासून अमुक अक्षरांपर्यंतच्या सर्व छंदांची एकत्र संख्या काढण्यासाठी शेवटच्या संख्येची दुप्पट करून त्यातून दोन वजा करावे, हाही नियम पिंगलाच्या सूत्रांत आहे. त्रेसष्ट अक्षरांपर्यंतच्या सर्व चरणप्रकारांची बेरीज करून तीत एक मिळविला, की आपलीच संख्या पुढे उभी राहते. बीरुनीने पुढे हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला, त्यात पिंगलाचा आणि छंदांचा परामर्श घेतलेला आहे. परंतु यावरून कोणी कोणापासून काय उचलले याचा निवाडा करण्याची घाई मी करणार नाही. वर्ग करीत जाण्याची युक्ती इतकी स्वाभाविक आहे की, ती दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचली असेल तरी त्यात आश्चर्य नाही.

चौसष्टाचे सहा वेळा अर्ध होऊन एक उरतो, ही गोष्ट आपल्या आजोबांना शिकवावी लागत नसे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे पैसे चौसष्टच होते. रुपयाची अधेली, अधेलीची पावली, पावलीचे दोन आणे, मग एक आणा, अर्धा आणा आणि शेवटी पैसा, हा सहा पायऱ्यांचा जिना ते बाजारात रोज चढत-उतरत. त्याच जिन्यावरून आपणांस आता पटावर उतरावयाचे आहे.

पटावरची पहिली दोनच घरे घ्या. त्यांत एक आणि दोन मिळून ३ दाणे. पुढच्या दोन घरांत चार आणि आठ, म्हणजे मागच्या जोडीतल्या प्रत्येक घराच्या चौपट; तेव्हा चार घरांत मागच्या जोडीची पाचपट, अर्थात ३ × ५ = १५. त्यापुढच्या चार घरांतले प्रत्येक घर मागच्या चारांतल्या आपापल्या घराच्या सोळापट; म्हणून पहिली ओळ पुरी झाली की १५ × १७ = २५५. दुसऱ्या ओळीतले प्रत्येक घर पहिलीतल्या घराच्या २५६ पट; दोन ओळी मिळून २५५ × २५७ = ६५,५३५. तिसरी व चौथी ओळ घेतली, म्हणजे अर्धा पट झाला, की ६५,५३५ × ६५,५३७ = ४,२९,४९,६७,२९५. आणि उरलेला अर्धा पट मिळविला की या संख्येला ४,२९,४९,६७,२९७ ने गुणावयाचे. म्हणजे पट घडीवर घडी घालून मिटता येतो, आणि प्रत्येक घडीसरशी बेरजेचा एकेक अवयव सुटा होऊन हाती येतो: ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि शेवटचा तो दहा अंकी. ज्या बेरजेला राजाचे कारकून भ्याले ती आपण एकही मोठा भागाकार न करता सहा तुकड्यांत उकलली. जाता जाता हेही पाहा की, अर्ध्या पटाचे धान्य जेमतेम १७२ टन भरते. राजाने तेथेच तडजोड केली असती, तर एखाद्या मध्यम कोठारात काम भागले असते.

या सहा तुकड्यांपैकी पहिले पाच मूळ संख्या आहेत. त्यांना एक आणि ते स्वतः यांखेरीज कोणाचा निःशेष भाग जात नाही. सहावा मूळ आहे की नाही, या प्रश्नावर एका थोर गणितज्ञाची चूक झाली.

पिएर द फर्मा हा फ्रान्समधील तुलूझच्या न्यायसभेचा अधिकारी, आणि गणित हा त्याचा फावल्या वेळचा व्यासंग. तरी सतराव्या शतकात संख्यांचे मर्म त्याच्याइतके कोणाला उमगले नव्हते. १६४० मध्ये फ्रेनिक्ल या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७ ही मालिका मांडली, तिच्यापुढे आणखी एक वीस अंकी संख्या जोडली, आणि या रीतीने बनणाऱ्या सर्व संख्या मूळच असतात अशी आपली जवळजवळ खात्री झाल्याचे कळविले. सिद्धता आपल्यापाशी नाही, हेही त्याने लपविले नाही. पुढे १७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाखने हे अनुमान सेंट पीटर्सबर्गमधील तरुण लेओन्हार्ट ऑयलरच्या कानी घातले. आरंभी ऑयलरने ते फारसे मनावर घेतले नाही. पण १७३२ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्याने दाखवून दिले की ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या ६४१ आणि ६७,००,४१७ यांचा गुणाकार आहे. फर्माचे अनुमान ज्या पहिल्या संख्येवर तपासणे कष्टाचे होते, त्याच संख्येवर ते कोसळले.

दहा अंकी संख्येचा अवयव शोधावयाचा, तर एकामागून एक मूळ संख्यांनी भागत जाणे ही सरळ वाट. ६४१ पर्यंत पोहोचण्यास तीही वाट शंभराहून अधिक भागाकार मागते. ऑयलरने पुढे जो नियम सिद्ध केला त्याने हे काम चिमूटभर उरते: या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या एखाद्या पटीत एक मिळवूनच बनलेला असला पाहिजे. तसल्या मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्याच भागाकारात सावज सापडते. या नियमाचा आधार कोणता, तर मूळ संख्येविषयी स्वतः फर्मानेच शोधलेला एक सिद्धांत! ज्याने हत्यार घडविले त्याच्याच अनुमानावर ते चालले. फर्माने हे पाच भागाकार का केले नसावेत, किंवा केले असल्यास कोठे हातचा चुकला, याविषयी पुष्कळ तर्क झाले आहेत. मला त्यांत रस नाही. न्यायाधिकाऱ्याने पुराव्याशिवाय निकाल दिला, आणि वरच्या न्यायालयात तो फिरला, एवढे मला पुरे वाटते.

मला रस आहे तो ६४१ मध्ये. ऑयलरच्या नंतर कोणा चतुर गणित्याने दाखविलेली एक सिद्धता इतकी देखणी आहे की, ती आपणांस सांगितल्याविना पुढे जाववत नाही. ६४१ हा दोन तऱ्हांनी लिहिता येतो: पाच गुणिले १२८ अधिक एक, आणि ६२५ अधिक १६. पहिल्या तऱ्हेवरून असे दिसते की, ५ × १२८ ला ६४१ ने भागले तर एक कमी पडतो, म्हणजे बाकी 'उणे एक' आहे. आता चौथा घात घ्या. उणे एकाचा चौथा घात अधिक एक. आणि डावीकडे पाचाचा चौथा घात, म्हणजे ६२५, गुणिले १२८ चा चौथा घात, म्हणजे दोनाचा अठ्ठाविसावा घात. दुसरी तऱ्हा सांगते की, ६४१ च्या दृष्टीने ६२५ आणि उणे १६ हे सारखेच. ६२५ च्या जागी उणे १६ घाला. सोळा म्हणजे दोनाचा चौथा घात, तो अठ्ठाविसाव्यात मिसळून बत्तिसावा होतो. तेव्हा उणे दोनाचा बत्तिसावा घात बाकी एक ठेवतो, अर्थात तो घात स्वतः बाकी उणे एक ठेवतो, आणि त्यात एक मिळविला की बाकी काहीच उरत नाही. दहा अंकी संख्येला हात न लावता, तिला एकदाही न भागता, ती निःशेष भागली जाते हे सिद्ध झाले. गणितात सौंदर्य असते असे म्हणतात ते कोठे असते, असा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारला तर मी त्यांना हा परिच्छेद दाखवितो.

तर मग आपल्या संख्येचा अंतिम ताळेबंद असा: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७ या सात मूळ संख्यांचा हा गुणाकार आहे. प्रत्येक अवयव एकदाच येतो, आणि म्हणून तिला निःशेष भागणाऱ्या संख्या बरोबर १२८ आहेत. सात, अकरा, तेरा हे आपले नित्याचे सोबती तिच्या घरात पाऊल ठेवू शकत नाहीत.

अर्ध्या पटाच्या वाट्याला आलेल्या पाच अवयवांचा भाग्योदय अठराव्या शतकाच्या अखेरीस झाला. मोजपट्टी आणि कंपास एवढीच साधने घेऊन कोणकोणते सुसम बहुभुज काढता येतात, हा ग्रीकांपासूनचा प्रश्न; त्रिकोण आणि पंचकोन त्यांना साधले होते. १७९६ च्या ३० मार्चला, एकोणिसावे वर्ष पुरे होण्यास महिना उरला असता, कार्ल फ्रीड्रिख गाऊसने सतरा बाजूंचा बहुभुज असा काढता येतो हे शोधून काढले. आणि १८०१ च्या आपल्या महाग्रंथात बाजूंची संख्या विषम असेल तर ती फर्माच्या मालिकेतील निरनिराळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असणे पुरेसे आहे, असे दाखविले. ते आवश्यकही आहे याची सिद्धता १८३७ मध्ये वांत्सेलने दिली. फर्माच्या मालिकेत पाचांपलीकडे सहावी मूळ संख्या आजवर कोणालाही सापडलेली नाही. म्हणून विषम बाजूंचा जो सर्वांत मोठा ज्ञात बहुभुज या साधनांनी काढता येतो, त्याच्या बाजू ४,२९,४९,६७,२९५. पटाच्या निम्म्या भागावर राजाने जेवढे दाणे ओतले असते तेवढ्या! हेर्मेस नावाच्या एका जर्मन गणित्याने ६५,५३७ बाजूंच्या बहुभुजाची रचना लिहून काढण्यात दहा वर्षे घालविली, आणि त्याचे ते बाड ग्योटिंगेनच्या विद्यापीठात जपून ठेवलेले आहे. त्याच्या चिकाटीला नमस्कार करून आपण पुढे जाऊ.

आपल्या संख्येचे एक रूप मात्र आपल्याच घरी शोधावयाचे आहे. दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलाच्या सूत्रांवर टीका लिहिताना मेरुप्रस्तार उलगडून सांगितला: शिखरावर एक, खाली दोन एक, मग प्रत्येक खालच्या ओळीत दोन्ही टोकांना एक आणि मधल्या प्रत्येक घरात वरच्या दोहोंची बेरीज. १, २, १. मग १, ३, ३, १. मग १, ४, ६, ४, १. अमुक अक्षरांच्या चरणांत अमुक लघू असलेले प्रकार किती, याचे हे कोष्टक. आता त्यातील प्रत्येक विषम संख्येच्या जागी एक आणि सम संख्येच्या जागी शून्य मांडून, होणाऱ्या ओळी द्विमान पद्धतीने वाचा. पहिली ओळ १, दुसरी ३, तिसरी ५, चौथी १५, पाचवी १७, सहावी ५१, सातवी ८५, आठवी २५५, नववी २५७. फर्माची मालिका आणि तिचे परस्परगुणाकार मेरूच्या उतारावरून एकेक करून खाली येतात! पाच चांगल्या अवयवांपासून होणारे सर्व गुणाकार पहिल्या बत्तीस ओळींत येऊन जातात. तेहेतिसावी ओळ म्हणजे फर्माची ती दगा देणारी संख्या. आणि चौसष्टाव्या ओळीत चौसष्टच्या चौसष्ट घरे विषम असतात, म्हणजे द्विमान पद्धतीत चौसष्ट एक, म्हणजे आपली संख्या. छंदाच्या भाषेत सांगावयाचे तर त्रेसष्ट अक्षरांच्या चरणात कितीही लघू ठेवा, तसल्या चरणांचे प्रकार नेहमी विषमच भरतील. शिखरापासून एवढ्या खोलवर हलायुध उतरला असेल असे मी म्हणत नाही. परंतु त्याने दाखविलेली वाट तेथवर नक्की जाते.

याच संख्येशी जोडल्या गेलेल्या काशीच्या एका कथेच्या बाबतीत मात्र अशी वाट कोठेच जात नाही. १८८३ मध्ये एदुआर ल्युका या फ्रेंच गणित्याने तीन खुंट्या आणि चढत्या आकाराच्या चकत्या असलेले एक खेळणे विक्रीला काढले, त्यावर आपले नाव न घालता त्याच नावाची अक्षरे उलटीसुलटी करून बनविलेल्या एका सयामी मंडारिनाचे नाव घातले, आणि लगोलग दुसऱ्या वर्षी एका फ्रेंच लेखकाने अशी कथा प्रसिद्ध केली की, काशीच्या देवळात ब्राह्मण रात्रंदिवस चौसष्ट सोन्याच्या चकत्या हिऱ्याच्या सुयांवरून हलवीत असून ते काम संपेल तेव्हा जगाचा अंत होईल. असे देऊळ काशीत नाही. पण हिशेब खरा आहे: लहान चकतीवर मोठी ठेवावयाची नाही, एका वेळी एकच हलवावयाची, या अटींवर चौसष्ट चकत्यांना कमीत कमी जितक्या हालचाली लागतात, ती संख्या आपलीच. क्षणोक्षणी, म्हणजे दर सेकंदाला, एक हालचाल धरली तर ५८४ अब्जांहून अधिक वर्षे होतात. पुराणांचा कल्प ४३२ कोटी वर्षांचा. तेव्हा सुमारे १३५ कल्प, ब्रह्मदेवाच्या दिवसरात्रींनी मोजले तर दोन महिन्यांहून थोडे अधिक. कथाकाराला जगाचा अंत फार दूरचा वाटला असेल. आपल्या पुराणकारांनी त्याला ब्रह्मदेवाच्या एका वर्षातच बसविले असते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे नाव आपण सर्व जाणतो. सगळे अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत गेले, तर सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतेच, हा त्यांचा शोध जगभर पोहोचला. तो मनोहर आहे. पण तो ६१७४ च्या अंकांचा गुण आहे, आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून दिसणारा. आज मी या संख्येचे जे अवयव सांगितले ते मोजण्याच्या पद्धतीवर अवलंबून नाहीत. बाराच्या पटीत मोजणाऱ्या जमातीलाही ही संख्या सातच मूळ अवयवांत उकलताना दिसेल. दोन्ही प्रकारच्या गुणांना गणितात जागा आहे, तरी दुसऱ्याला मी वरचे आसन देतो, आणि हे माझे मत कापरेकरांच्या चाहत्यांना रुचणार नाही हे जाणून देतो.

आजच्या संगणकाच्या पोटात मात्र ही संख्या नित्य वावरते. चौसष्ट द्विमान स्थानांच्या एका कप्प्यात मावणारी, चिन्हाविरहित अशी सर्वांत मोठी पूर्ण संख्या ती हीच. तीत एक मिळविला की कप्पा रिता होऊन शून्य दाखवू लागतो. भारताच्या कथेतला पट सिलिकॉनवर कोरला गेला, याहून त्यात गणिताच्या दृष्टीने सांगण्यासारखे काही नाही.

अखेरीस शेजाऱ्यांविषयी. आपल्या संख्येत दोन मिळविले की १८४४६७४४०७३७०९५५१६१७ होते. फर्माने १६४० च्या पत्रात मालिकेच्या शेवटी लिहिलेली वीस अंकी संख्या ती हीच, आणि तीही मूळ नाही. १८८० मध्ये लांद्री नावाच्या ब्याऐंशी वर्षांच्या फ्रेंच गृहस्थाने कित्येक महिने खपून तिचा २,७४,१७७ हा अवयव शोधला. दुसरा अवयव ६७२८०४२१३१०७२१. त्याच्या पंचवीस वर्षे आधी, १८५५ च्या पहिल्याच दिवशी, क्लाउझेन या ज्योतिर्विदाने हेच अवयव गाऊसला पत्राने कळविले होते. पण पुढच्याच महिन्यात गाऊस निवर्तला आणि ते पत्र त्याच्या कागदपत्रांत शतकभर पडून राहिले. फर्माच्या मालिकेतल्या त्यापुढच्या संख्याही एकामागून एक संयुक्त ठरत गेल्या. दोनाच्या बत्तिसाव्या घातापासून सुरू करून घातांक दुप्पट करीत गेले, तर अशा अठ्ठावीस संख्या ओळीने संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे. त्यांपैकी काहींचा एकही अवयव कोणाच्या हाती लागलेला नाही, फक्त त्या मूळ नाहीत एवढे कळले आहे. एकोणतिसावीचा निकाल अद्याप लागावयाचा आहे.

सभागृहात जे विद्यार्थी बसले आहेत त्यांना माझी एक विनंती आहे. ऑयलरचा भागाकार यंत्राविना, पाटीवर अथवा कागदावर, एकदा करून पाहा. ४,२९,४९,६७,२९७ ला १९३, २५७, ४४९ आणि ५७७ यांनी भागा, बाकी राहील. ६४१ ने भागा, राहणार नाही. मग ६७,००,४१७ मूळ आहे याची खात्री करून घ्या. त्यासाठी हजारो भागाकारांची गरज नाही. त्याच नियमाने आणखी सात पुरतात: ६४१, ७६९, ११५३, १२१७, १४०९, १६०१ आणि २११३. त्यांपैकी एकानेही निःशेष भाग जात नाही.